गालिच्यातली खारी ओल

भाद्रपदात गणपतीसाठी अलिबागजवळच्या नागावमधलं बंद घर उघडलं की आधी नाकाला भिडतो तो कुबट वास. खिडक्या उघडा, पंखे लावा, तो हटत नाही. शोध घेता घेता माजघरातला जुना गालिचा सापडतो. मग त्यावर सुगंधी फवारा मारला जातो आणि दुसऱ्या दिवशी सुगंध व बुरशी मिळून आणखी वाईट दर्प सुटतो.

बुरशी वाढताना हवेत जी रसायनं सोडते, त्यांचा हा वास. धूळ, त्वचेचे कण, कधीतरी सांडलेलं दूध एवढ्यावर तिचं भागतं, आणि एवढं तर प्रत्येक गालिच्यात असतंच. उरली ओल. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या अलिबागच्या किनाऱ्यावर तिलाही तोटा नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला कोरडीच लागते. त्यामुळे हात फिरवून ‘सुकलाय’ म्हणण्यावर विसंबू नये.

नागावात मात्र खरं दुखणं मिठाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. इथली कितीतरी घरं पर्यटकांना उतरायला दिली जातात. समुद्रात डुंबून आलेले पाय, वाळू, ओले कपडे, सगळं थेट गालिच्यावर येतं. पाणी उडून जातं, मीठ धाग्यांतच राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच पाझरू लागतं. उघड्या बरणीतल्या मिठाला आषाढात पाणी सुटतं, तेच गालिच्याच्या पोटात चाललेलं असतं. म्हणून वास घालवायला गालिच्यावर मीठ भुरभुरवण्याचा सल्ला किनाऱ्यावर कुणी ऐकू नये. विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर त्याने धुतलेला गालिचाही पुन्हा ओल धरणारच. शेवटचं खळबळणं तरी गोड्या पाण्याचं हवं. साठवलेलं पावसाचं पाणी सर्वांत उत्तम.

धुण्याआधी जमीन तपासावी. जुन्या घरांच्या शहाबादी फरशीतून ओल वर चढते. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा फरशीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर ओल जमिनीतली आहे. तिथे गालिचा कितीही धुतला तरी व्यर्थ. तिथे साधी सुती सतरंजी घालावी, रोज उचलून झटकावी.

धुण्याचं काम ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवावं. गालिचा उलटा टांगून काठीने धोपटला की आधी वाळू पडते. मग खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून काढावा. आंबूस वासावर तो चांगला चालतो, बुरशीवर फारसा नाही. लोकरीला कपड्यांची तिखट पावडर सोसत नाही. रिठ्याचं पाणी बरं. मांजराने घाण केली असेल, तर मूत्रातलं युरिक आम्ल पाण्यात जेमतेम विरघळतं आणि दमट दिवशी वास पुन्हा उठतो. तिथे एन्झाइमचं द्रावणच लागतं. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. तान्ह्या बाळाच्या खोलीत डांबरगोळ्याही नकोत.

वाळवायला नारळ-पोफळीच्या वाडीतली सावली उपयोगाची नाही. गच्ची किंवा मोकळं खळं पाहावं, गालिचा बांबूवर टाकावा म्हणजे वारा दोन्ही अंगांनी खेळतो, आणि दिवस कलण्याआधी उचलावा.

गालिचा पूर्ण भिजला, तर हाताशी एक-दोन दिवसच असतात. तेवढ्यात बुरशी धरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळून गेलं तेव्हा छपरं उडाली, घरातलं अंथरूण-पांघरूण भिजलं आणि कित्येक दिवस वीज नव्हती, म्हणजे पंखाही नाही. असा भिजून राहिलेला गालिचा, किंवा ज्याच्या पाठीचं रबर बोटांत भुगा होऊन येतं तो, कितीही जपलेला असला तरी घराबाहेर काढावा. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याच दिवशी.