ज्युरर नंबर 11

सकाळी 6. चहा उकळतोय आणि डबा भरायचा की नाही हे काही ठरत नाही. डबा भरला म्हणजे दिवसभर अडकायची तयारी केली, असं मनाला वाटणार. मला तर जेवायच्या आत सुटून यायचं होतं. एप्रिलची 15 तारीख जवळ आली की आमच्या अकाउंटंट लोकांना श्वास घ्यायलाही सवड नसते. पण काल संध्याकाळी ज्युरीच्या समन्सवरचा गट क्रमांक टाकून पाहिला तर 'हजर राहा' असंच उत्तर. शेवटी दोन पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्या भरल्याच.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला.

ही म्हण त्यानं मला सांगावी! आमच्या माहेरी ती देवघराशेजारी टांगायची तेवढी राहिली आहे. वडिलांचा, म्हणजे आबांचा, बांधाचा दावा 1994 साली लागला. शेजाऱ्यानं दरवर्षी नांगरटीला वीतभर बांध कोरला, एवढंच प्रकरण. सरकारी मोजणी दोनदा झाली. एक वकील वारले, दुसऱ्यांनी वकिली सोडली. 2009 मध्ये निकाल आबांच्या बाजूनं लागला, त्यावर अपील झालं, आणि ते अजून चालू आहे. आबा तारखेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून पहाटेची एसटी पकडत. तालुक्याला पोचावं, झाडाखाली बसावं, पुकारा व्हायच्या आत कळावं की साहेब रजेवर आहेत. मग भजी खाऊन परत. आईला आल्याआल्या ते फक्त पुढची तारीख सांगत, आणि ती कालनिर्णयवर गोल करून ठेवी. मी न्यायव्यवस्थेवर विश्वास ठेवत नाही, ते काही पुस्तकं वाचून नाही.

इथे मात्र पायरी न चढणाऱ्याला दंड आहे, कॅलिफोर्नियात 1,500 डॉलरपर्यंत. शिवाय नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी पाठ केलेल्या प्रश्नांत एक होता: फक्त नागरिकांवरच असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तर तेव्हा दोनपैकी कोणतंही चालत होतं, मतदान किंवा ज्युरीवर बसणं. मी 'मतदान' पाठ केलं होतं. सोपं होतं.

7 वाजून 10 मिनिटं. फ्रीमाँटहून बार्ट ह्या लोकल रेल्वेची गाडी. हेवर्ड, सॅन लिअँड्रो, कोलिझियम अशी स्टेशनं घेत ती ओकलंडकडे जाते. मला उतरायचं त्या लेक मेरिटच्या एक स्टेशन आधी फ्रूटवेल लागतं. 2009 च्या 1 जानेवारीला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ह्याच फलाटावर ऑस्कर ग्रँट नावाच्या 22 वर्षांच्या काळ्या मुलाला पालथं पाडलेलं असताना बार्टच्याच पोलिसानं पाठीत गोळी घातली. गाडीतल्या लोकांनी मोबाइलवर ते टिपलं. पोलिसाचं म्हणणं, मला टेझर काढायचा होता, हातात पिस्तूल आलं. खटला इथून हलवून लॉस एंजेलिसला नेला. ज्युरीनं खुनाचा नव्हे, निष्काळजीपणानं झालेल्या मनुष्यवधाचा दोष ठेवला. शिक्षा दोन वर्षं. आता स्टेशनच्या भिंतीवर ऑस्करचं मोठं चित्र आहे आणि शेजारच्या रस्त्याला त्याचं नाव आहे. दारं उघडली, माणसं चढली, दारं मिटली. मी ह्या फलाटावरून शेकडो वेळा गेले असेन, पण आज हातात समन्स असल्यामुळे तो नेहमीपेक्षा लांब वाटला.

8 वाजून 10. तळ्याकाठची 1936 सालची पांढरी, भारदस्त इमारत. पट्टा, पर्स, डबा यंत्रातून गेले. हॉलमध्ये माणसं आधीच दाटीनं बसलेली. ट्रकवाला, नर्स, विणकाम करणारी आजी, लॅपटॉप उघडून मीटिंगला 'हो, हो' म्हणणारा मुलगा. गावातल्या रेशनच्या रांगेत आणि इथे एवढंच साम्य: सगळे एकमेकांना विचारतात, "तुमचा नंबर कितवा?"

मग माहितीपट. त्यात माजी ज्युरर हसतमुखानं सांगतात की अनुभव किती समृद्ध होता. माझं लक्ष मंडळाच्या संक्रांतीत मिळालेल्या सल्ल्याकडे. फ्रीमाँटमधल्या प्रत्येक मराठी घरात ज्युरी ड्युटीचा एक तज्ज्ञ असतो. आमचा म्हणाला होता, "सरळ सांगायचं, माझा पोलिसांवर विश्वास नाही. पाच मिनिटांत घरी."

शनिवारी मी थोडं वाचलं तेव्हा कळलं की हा सल्ला जुना झालाय. दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही ज्युरर कारण न सांगता वगळता येतात. 2022 मध्ये कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्यांसाठी नियम बदलला: पोलिसांवर किंवा न्यायव्यवस्थेवर अविश्वास बोलून दाखवला, ह्या कारणासाठी कुणाला वगळलं तर ते कारण मुळातच अग्राह्य धरायचं. दुसरी भाषा येते हे कारणही त्याच यादीत आहे. म्हणजे माझी दोन्ही शस्त्रं एका कलमानं बोथट करून टाकली.

हा नियम का लागला, ते ह्याच काउंटीत नीट समजतं. 2024 च्या एप्रिलमध्ये बातमी आली होती. 1995 साली फाशी सुनावलेल्या एका खटल्याच्या जुन्या फायलीत सरकारी वकिलांच्या हस्ताक्षरातली टिपणं सापडली. कोण ज्यू दिसतो, कोण काळी बाई आहे, असं ज्युररांच्या नावापुढे लिहिलेलं. व्हिन्स छाब्रिया ह्या फेडरल न्यायाधीशांनी काउंटीतले फाशीचे 35 खटले तपासायला लावले. अविश्वास असलेली माणसं आधीच गाळून टाकली की उरलेल्यांचा विश्वास दांडगा दिसणारच. आमच्या धंद्यात ह्याला हिशेबाची पुस्तकं शिजवणं म्हणतात.

तरी एक वाट उरतेच. 'माझा विश्वास नाही' म्हणून सुटका होत नाही. पण 'मला निःपक्षपाती राहता येणार नाही' म्हटलं तर न्यायाधीश स्वतःच सोडतात. पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं सोयीचं आहे. त्यांच्यामध्ये कितीसं अंतर, असं मी सकाळपासून स्वतःला समजावत होते.

10 वाजून 40. आमच्या गटाला वर बोलावलं. साठेक माणसं बाकांवर. खटल्याबद्दल बाहेर बोलायचं नाही, इंटरनेटवर काही शोधायचं नाही, ही ताकीद आधी. त्यामुळे तपशील इथेही देत नाही. मारहाणीचा गंभीर गुन्हा, एवढंच. कॅलिफोर्नियात सरकार पक्ष स्वतःला 'जनता' म्हणवतो. जनता विरुद्ध अमुक. आरोपीकडे पाहिलं. नवा शर्ट, कॉलरची घडी अजून दुकानातली. आबांचा इस्त्रीचा सदरा आठवला आणि मला ते आवडलं नाही; असं आठवायला नको होतं.

अडचणी सांगायला रांग लागली. एकीचं तान्हं बाळ, एकाची रोजंदारी. पहिल्या दिवसाचे पैसे कोर्ट देतच नाही. रोजावर पोट असणारा सुटतो हे त्याच्या भल्याचंच, पण मग ज्युरीत कोण उरतं? पगारी आणि पेन्शनर. माझ्या 15 तारखेचं कारण न्यायाधीशबाईंनी हसून बाजूला ठेवलं. "माझंही रिटर्न अजून बाकी आहे," त्या म्हणाल्या.

12 वाजता सुट्टी. तळ्याकाठच्या बाकावर डबा उघडला. बदकं पायाशी, फुकट्या पाहुण्यांसारखी.

मराठी माणसाला ज्युरी म्हटलं की नानावटी आठवतो, आणि आता तर सिनेमातला अक्षयकुमारच आठवतो. 1959, नेव्हीचा अधिकारी, पत्नीच्या प्रियकरावर तीन गोळ्या. ज्युरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी खटला हायकोर्टात पाठवला. त्या एका निकालानं ज्युरी संपली, असं सांगायची पद्धत आहे. तसं ते झालं नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही, तेव्हा ती खऱ्या अर्थानं गेली.

मला मात्र दुसरा खटला आठवतो. जुलै 1908, मुंबई हायकोर्ट, टिळक. समोर न्यायमूर्ती दावर, ज्यांनी 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली होती. ज्युरीत नऊ जण: सात युरोपियन, दोन पारशी. आरोप 'केसरी'तल्या मराठी लेखांवर, आणि ज्यांनी निर्णय द्यायचा त्यांच्या हातात इंग्रजी भाषांतर. टिळक स्वतः उभे राहून कितीतरी वेळ हेच सांगत होते की ह्या शब्दाचा अर्थ हा नव्हे, भाषांतरात धार चढवली आहे. शब्दाशब्दावर भांडत होते. निकाल 7 विरुद्ध 2. सहा वर्षं, मंडाले. हायकोर्टातल्या त्या दालनाबाहेर त्यांचे उद्गार आता संगमरवरात कोरले आहेत. शाळेत आम्ही ते उद्गार पाठ केले. निर्दोष म्हणणाऱ्या त्या दोघांचा विचार कधी केला नाही. त्यांना किती मराठी येत होतं? पण ते बसले होते. मोजणीत सातांसमोर दोनच भरले, तरी बसले होते.

एक काचरी बदकाला टाकली. त्यानं हुंगून सोडून दिली.

दुपारी 1 वाजून 30. अठरा जणांना पुढे बसवलं, त्यात मी. नावं नाहीत, नुसते नंबर. मी 11. प्रश्न सुरू. कुणाच्या घरी पोलिस आहे का, कुणावर गुन्हा झाला आहे का. माणसं परक्यांसमोर असं काही बोलून जातात की ऐकणाऱ्यानं खाली बघावं. 3 नंबरच्या बाईंच्या घरी दोनदा चोरी झाली, पोलिस एकदाच आले. 4 नंबरचे काका निवृत्त बसचालक. त्यांच्या मुलाची गाडी पोलिसांनी आजवर इतक्या वेळा थांबवली आहे की त्यानं कागद समोरच चिकटवून ठेवलेत. "मी कुणावर आंधळा विश्वास ठेवत नाही," ते शांतपणे म्हणाले, "पण ऐकून घेता येतं मला. बत्तीस वर्षं प्रवाशांचं ऐकलंय."

3 वाजता सरकारी वकीलबाई उठल्या. "जनता 4 नंबरच्या ज्युररांचे आभार मानून त्यांना मोकळं करू इच्छिते." किती गोड शब्द! आपल्याकडे ह्यालाच नारळ देणं म्हणतात. तेवढ्यात बचावाचे म्हातारे वकील उभे राहिले, एक शब्द बोलले, आणि आम्हा सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये पाठवलं. वीस मिनिटं. काका खिडकीशी उभे. कुणी त्यांच्याशी बोललं नाही, मीही नाही. आत बोलावलं तेव्हा न्यायाधीशबाईंनी काहीच खुलासा न करता सांगितलं, "4 नंबर, आपल्या जागेवर बसा." काका बसले. मला शनिवारचं वाचलेलं आठवत होतं, पण आत काय झालं ते मी ऐकलेलं नाही.

3 वाजून 50. "11 नंबर."

आधी भाषा. एक साक्षीदार हिंदीत बोलणार होता, दुभाष्यामार्फत. तुम्हाला हिंदी कळतं? कळतं. मग तुम्ही साक्ष हिंदीत ऐकलीत आणि दुभाष्यानं वेगळं सांगितलं, तर? नियम असा की दुभाष्याचं इंग्रजीच खरं धरायचं, इतर ज्युररांना स्वतः भाषांतर करून सांगायचं नाही; चूक वाटली तर चिठ्ठी लिहून न्यायाधीशांकडे द्यायची. "हे जमेल का?"

घशाशी टिळक आले होते. मी म्हटलं, "चिठ्ठी लिहायला मिळणार असेल तर जमेल."

मग तो प्रश्न. तुम्ही फॉर्मवर लिहिलं आहे की न्यायव्यवस्थेवर तुमचा विश्वास नाही. आबांची एसटी, भजी, कालनिर्णयवरचे गोल ह्यातलं जमेल तेवढं इंग्रजीत सांगितलं. 'बांध कोरणं' सांगताना अडले. कुंपण सरकवलं, असं काहीतरी म्हणाले. मोठं पोरकट वाटलं ते. वकीलबाई पिवळ्या कागदावर लिहीत होत्या. काय लिहीत असतील माझ्या नंबरापुढे?

"तरीही निःपक्षपाती राहता येईल का तुम्हाला?"

सोयीचं वाक्य जिभेवर तयार होतं. चार शब्द, आणि 4:45 च्या गाडीत मी. चौथ्या खुर्चीतले काका समोर बघत होते.

"मी हिशेब तपासते," मी म्हटलं. "ज्यांच्यावर माझा विश्वास आहे त्यांच्याकडेही पावत्या मागते. ज्यांच्यावर नाही त्यांच्याकडेही. येईल."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता नारळ. पण त्यांनी आभार मानले ते 14 नंबरचे.

4 वाजून 25. बारा जण आणि दोन राखीव उभे राहिलो, उजवा हात वर केला. नागरिकत्वाची शपथ घेताना हॉलमध्ये झेंडे होते, फोटो होते, माझे डोळे भरले होते. इथे तसं काही नाही. घड्याळ, झेरॉक्सचा वास, आणि नव्या शर्टातला तो माणूस, जो पहिल्यांदाच आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहत होता. मी नजर काढली नाही.

5 वाजून 15. परतीच्या गाडीत उभंच राहावं लागलं. फ्रूटवेलला खिडकीतून भिंतीचा तुकडा दिसला, चेहरा नाही.

7 वाजता जेवण. "काय केस आहे?" नवऱ्यानं विचारलं. सांगता येत नाही. "बरं, आरोपी कसा वाटतो?" सांगता येत नाही. "मग बोलायचं काय?" बोलायचं काहीच नव्हतं म्हणून आम्ही टॅक्स रिटर्नबद्दल बोललो. त्यानं अकरा क्लायंटांना फोन करून मी आठवडाभर मिळणार नाही असं कळवायचं कबूल केलं, ह्यात त्याचा मोठेपणा आहे.

8 वाजून 30. गावाकडे सकाळचे 9. आबा पडवीत असणार.

"काय गं, गेली होतीस ना कोर्टात?"

"गेले होते. घेतलं मला ज्युरीत."

"म्हणजे आता निकाल तू देणार?"

"आम्ही बारा जण. सगळ्यांचं एक व्हावं लागतं."

आबा गप्प. मागे कोंबड्यांचा आवाज. बारा माणसांचं एक होणं आमच्या गावात पाणीवाटपाला देखील जमलेलं नाही, हेच त्यांच्या मनात असणार.

"बरं, मग पुढची तारीख कधीची दिली?"

"उद्याची."

"उद्याची?" त्यांना वाटलं फोन नीट ऐकू येत नाहीये. "अगं, तारीख विचारतोय मी. कोर्टाची."

"उद्याचीच आबा. सकाळी 9."

पलीकडे त्यांनी हात फोनवर ठेवला आणि आईला हाक मारली. "अगं ए, ऐकलंस का? हिला उद्याची तारीख मिळाली!"