चादरीची घडी आणि रुपयाचा तिसरा हिस्सा

सोलापूरच्या चाटी गल्लीत साडेतीन मीटर कापड मागितलं. भाव ८६ रुपये मीटर. नातवानं कॅल्क्युलेटर पुढे ओढला, तेवढ्यात गादीवरून आजोबा म्हणाले, "तीनशे एक."

औटकी! औट म्हणजे साडेतीन. 'औटघटकेचं राज्य' म्हणतो ना, त्यातलंच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी: आपल्याकडे मुलं अपूर्णांकांचे चक्क पाढे म्हणायची. कॅल्क्युलेटरला मात्र हेच अपूर्णांक केवढा घाम फोडतात!

खिशातल्या साध्या, आठ आकडी कॅल्क्युलेटरवर १०० ला ३ नं भागा आणि लगेच ३ नं गुणा. येतात ९९.९९९९९९. उरलेला कण गेला कुठे? ३३.३३३३३३ इथं जागा संपली आणि पुढचे सगळे तीन गळून पडले.

संगणकाची अडचण याहून गमतीची. त्याच्याकडे अंक दोनच, शून्य आणि एक. म्हणजे त्याला फक्त अर्ध्याचं अर्धं करता येतं. सोलापुरी चादर घ्या आणि घड्या घाला. एक घडी, अर्धी. दुसरी, पाव. तिसरी, अर्धपाव. चौथीला सोळावा भाग. पण नुसतं मधोमध दुमडत राहून चादरीचा बरोबर दहावा भाग काढून दाखवा बरं! जन्मभर दुमडलं तरी जमणार नाही. म्हणून बऱ्याच संगणकीय भाषांत ०.१ आणि ०.२ मिळवले की उत्तर येतं ०.३०००००००००००००००४.

आता रुपया आठवा. अधेली, पावली, आणा: सगळ्या घड्याच! चार घड्यांत आणा, सहा घड्यांत रुपयाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जुना पैसा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. हिशेब माणसाला सोपा झाला आणि संगणकाला नेमका तोच अवघड! आजोबांचा आणा त्याला तंतोतंत मांडता येतो, आपले दहा पैसे येत नाहीत. मला तर हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

आणि तरीही विंडोजच्या कॅल्क्युलेटरवर तेच गणित करा, १०० भागिले ३, गुणिले ३. उत्तर १००, चोख. कसं काय?

तो भागतच नाही! पडद्यावर तीनांची रांग दिसते, पण आत दोन पूर्ण संख्या शाबूत असतात, १०० आणि ३. एक अंश, एक छेद. पुढे ३ नं गुणलं की वर ३००, खाली ३, आणि हिशेब मिटला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं या कॅल्क्युलेटरची आतली मांडणी सर्वांसाठी खुली केली, त्यात हे कुणालाही वाचता येतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली, तेव्हाही अपूर्णांक असाच मांडत: अंश वर, छेद खाली, मधे रेघसुद्धा नाही. √२ सारख्या संख्येपुढे मात्र हा उपाय थांबतो, कारण ती कुठल्याच अंश-छेदात बसत नाही; तिथं लांबलचक अंदाजावरच भागवावं लागतं.

लपलेला तिसरा हिस्सा बघायचाय? विंडोजच्याच कॅल्क्युलेटरवर १ ला ३ नं भागा. आलेल्या उत्तरातून ०.३३३३३३३३३३ वजा करा, दहा तीन मोजून. दिसत होते ते तीन आपण काढून घेतले, आणि मागून पुन्हा तीनच तीन बाहेर येतात.