पोट दुखतंय, पण कुठं?



श्रीरामपूरच्या आमच्या वस्तीत रविवारची वंदना झाली की आम्ही विहारात अर्धा तास आरोग्याचा वर्ग घेतो. मागच्या वेळी फरशीवर खडूने माणसाचं मोठं पोट काढलं आणि जमलेल्यांना म्हटलं, ‘यात काय कुठं असतं ते दाखवा.’ एका मावशीने गर्भाशयाची पिशवी बेंबीच्या वर ठेवली. दहावीतल्या मुलाने दोन्ही मूत्रपिंडं पुढच्या बाजूला काढली. एक आजोबा म्हणाले, ‘पोटात काय, आतडी आणि भूक.’ सगळे हसले. मग आम्ही विचारलं, ‘गेल्या वर्षभरात पोट दुखलं नाही असं कोण आहे?’ एकही हात वर झाला नाही.

दुखणं सगळ्यांना, नकाशा कुणालाच नाही. म्हणून या महिन्याचं पान पोटावर.

खरं तर हा नकाशा आपल्याला परका नाही. श्रामणेर शिबिराला बसलेल्यांनी शरीराच्या बत्तीस भागांची यादी, म्हणजे द्वत्तिंसाकार, म्हटलेली असते. त्यातलं यकनं म्हणजे यकृत, पिहकं म्हणजे प्लीहा, वक्कं म्हणजे मूत्रपिंड, अन्तं म्हणजे आतडं. आपण शब्द तोंडपाठ केले, पण बोट ठेवून कधी पाहिलं नाही. आज ठेवूया.

भिंत कशी असते

पोट म्हणजे एक खोली समजा. वर छत आहे, श्वासाचा मांसल पडदा. खाली ओटीपोटाचं हाडाचं भांडं. मागे मणका आणि पाठीचे जाड स्नायू. पण पुढे आणि दोन्ही कुशींना हाड नाही, तिथे नुसती मांसाची भिंत आहे. छातीला फासळ्यांचा पिंजरा मिळाला, पोटाला नाही. पिंजरा असता तर आपल्याला वाकता आलं नसतं आणि बाईच्या पोटात मूल वाढलं नसतं.

या भिंतीत वरून चामडी, मग चरबी, मग स्नायू. कुशीला तीन स्नायू एकावर एक आहेत आणि तिघांचे धागे तीन दिशांना जातात. प्लायवूडमध्ये थर आडवे-उभे चिकटवतात, तशीच ही युक्ती. पुढे मधोमध फासळ्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे पट्टे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी, चिवट शीव आहे. सगळ्यात आत पातळ, ओलं अस्तर. डॉक्टर त्याला पेरिटोनियम म्हणतात.

करून पाहा. उताणे झोपा, गुडघे वाकवा, बेंबीच्या वर दोन बोटं ठेवा आणि डोकं थोडं उचला. दोन्ही बाजूंनी पट्टे कडक होतात, ते तुमचे उभे स्नायू. बाळंतपणानंतर त्यांच्यामध्ये फट राहते. बऱ्याच जणींची काही महिन्यांत कमी होते, काहींची राहते. तोवर ओझं उचललं की पोट मधोमध फुगतं. बाळंतिणीला विश्रांती लागते ती या भिंतीलाही लागते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांना प्रसूतीची पगारी सुट्टी मिळावी या विधेयकाला पाठिंबा दिला, तो लाड नव्हता, गरज होती.

खोकला, शिंक, शौचाला जोर, पोतं उचलणं, या प्रत्येक वेळी आतला दाब वाढतो आणि तो ही भिंत झेलते. भिंतीत काही जागा मुळातच कच्च्या आहेत. बेंबी, कारण तिथून नाळ गेली. जुन्या टाक्यांची जागा, म्हणजे सिझेरियन किंवा दुसऱ्या ऑपरेशनची. मांडीच्या सुरुवातीची घडी. आणि जांघ. जांघेत सुमारे ४ सेंटीमीटरची तिरपी वाट आहे. मुलगा आईच्या पोटात असताना त्याच्या गोट्या आधी पोटात तयार होतात आणि जन्माआधी या वाटेने खाली उतरतात. ती वाट पुरुषात कच्ची राहते. म्हणून जांघेचा हर्निया पुरुषांत जास्त. साधारण चार पुरुषांत एकाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो.

हर्निया म्हणजे पाप नाही

भिंतीच्या कच्च्या जागेतून आतडं किंवा आतली चरबी बाहेर डोकावते, त्याला हर्निया म्हणतात. जुनी माणसं अंतर्गळ म्हणतात. उभं राहिलं, खोकललं की गोळा येतो, आडवं झालं की आत जातो. हा गुप्तरोग नाही. तो संसर्गाने होत नाही आणि बाहेरख्यालीपणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण जागा जांघेची, म्हणून लाज. आणि लाजेपायी जीव टांगणीला.

मार्केट यार्डात हमाली करणारे वस्तीतले एक भाऊ तीन वर्षं जांघेला फडकं बांधून पोती वाहत होते. वहिनींनाही सांगितलं नव्हतं. एका रात्री गोळा आत जाईना, दगडासारखा झाला, उलट्या सुरू झाल्या. वहिनी आमच्याकडे धावत आल्या तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. १०८ ला फोन केला. ऑपरेशन झालं, भाऊ वाचले, पण अडकलेलं आतडं काळं पडलं होतं, तेवढा तुकडा कापावा लागला. चार महिने हजेरी बुडाली, डोक्यावर कर्ज झालं. हेच ऑपरेशन गोळा मऊ असताना करून घेतलं असतं, तर बहुधा दुसऱ्या दिवशी घरी आले असते. भाऊंना नंतर विचारलं, ‘सांगितलं का नाही?’ म्हणाले, ‘ताई, मुकादमाला कळलं असतं तर पाळी गेली असती.’

म्हणजे नुसती लाज नाही, पोटाची भीतीसुद्धा. ते खरं आहे, म्हणून हे फक्त दवाखान्याचं काम नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच सांगितलं की धडधाकट पुरुषानेही एका वेळी ५५ किलोच्या वर ओझं वाहू नये. त्याआधी आणि नंतरही आपल्या लोकांच्या पाठीवर क्विंटलची पोती चढत राहिली. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ चा आहे. नोंदणी, मजुरी, भरपाई यांचा आधार त्यात आहे. ज्या भावांची नोंद नाही, त्यांनी ती करून घ्यावी.

नुसत्या ओझ्यानेच हर्निया होतो असंही नाही. जुना खोकला, बद्धकोष्ठ, बिडी-तंबाखू, जन्मजात कच्ची वाट, सगळं मिळून भिंत थकते. पट्टा बांधून भोक बुजत नाही. चोळून, वाटी बसवून बुजत नाही. तान्ह्या बाळाची बेंबी फुगते, तिच्यावर नाणं बांधतात, ते करू नका, कातडी सडते. बाळाच्या बेंबीचा हर्निया बहुधा चार-पाच वर्षांत आपोआप मिटतो. पण बाळाच्या जांघेत गोळा दिसला तर थांबू नका, लगेच दाखवा.

घाईने काढलेली पिशवी

आता दुसरी बाजू. पुरुष लपवतात, आणि बायांचं मात्र न विचारता कापलं जातं.

इथे आमचीही एक चूक सांगायची आहे. नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही एका खासगी दवाखान्यात कामाला लागलो होतो. ऊसतोडीला आलेली एक बाई पोटदुखी घेऊन आली. वय तिशीच्या आसपास. सांगण्यात आलं, पिशवी खराब आहे, काढावी लागेल. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा आम्हीच घेतला. कागदात काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवलं नाही. तिने एवढंच विचारलं, ‘सिस्टर, आता दुखायचं थांबंल ना?’ आम्ही मान हलवली. काही महिन्यांनी ती बाजारात भेटली. दुखणं तसंच होतं. कंबरेच्या वर पाठीकडून सुरू होऊन जांघेकडे उतरणारं, लाटेसारखं. ती लाट मुतखड्याची होती. पिशवीचा काही दोष नव्हता. आणि आता पिशवी नव्हती.

ती नोकरी आम्ही सोडली, पण तो अंगठा अजून डोळ्यापुढे आहे.

ती एकटी नव्हती. शेजारच्या बीड जिल्ह्यातून दर हंगामात कोयते आपल्याकडच्या साखर कारखान्यांवर येतात. त्या ऊसतोड बायांच्या प्रश्नावर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमध्ये ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहात एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. कारणं त्या बायांनीच सांगितली आहेत. पाळीत खाडा झाला की उचलीतून पैसे कापतात, फडात न्हाणीघर नाही, पाणी नाही, डोक्यावर उसाची मोळी. आणि दवाखान्यात गेलं की ‘कॅन्सर होईल’ ही भीती.

पिशवी कधीच काढू नये असं आम्ही म्हणत नाही. कॅन्सर, मोठ्या गाठी, कशालाही न थांबणारा रक्तस्राव, यात ती काढावी लागते. पण अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक वेळा औषधाने बरं होणारं असतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती अवेळी येते, हाडं लवकर ठिसूळ होतात. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही विनाकारण पिशवी काढण्याला आळा घालण्याचे नियम राज्यांनी अमलात आणावेत असा आदेश दिला आहे.

आता बोट ठेवा

उजवीकडे फासळ्यांखाली यकृत आणि पित्ताची थैली. तेलकट खाऊन इथे कळ आली, उजव्या खांद्याकडे गेली, तर पित्ताच्या खड्याचा विचार करतात.

मधोमध, छातीच्या खाली जठर. इथली जळजळ बहुधा आम्लाची. पण घाम, धाप, छातीत दडपण असेल तर ते हृदयाचंही असू शकतं. गॅस समजून सोडा पिऊन झोपू नका.

डावीकडे फासळ्यांखाली प्लीहा.

मागे, पाठीला चिकटून, दोन्ही बाजूंना मूत्रपिंडं. पाठीकडून जांघेकडे उतरणारी कळ मुतखड्याची असू शकते.

मधल्या भागात बेंबीभोवती लहान आतडं, उलगडलं तर सुमारे २० फूट. त्याच्याभोवती चौकटीसारखं मोठं आतडं, सुमारे ५ फूट. उजवीकडे खाली त्याच्या टोकाला अपेंडिक्स. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली स्थिरावणारं दुखणं अंगावर काढू नका.

अगदी खाली, ओटीपोटाच्या हाडामागे मूत्राशय, आणि बाईच्या शरीरात त्याच्या मागे गर्भाशय, छोट्या पेरूएवढं. गरोदर नसताना ते बेंबीपर्यंत पोचत नाही. तेव्हा बेंबीच्या वर दुखत असेल आणि कुणी सरळ पिशवी काढायला सांगितली, तर ‘का?’ हे विचारायलाच हवं.

या नकाशाने तुम्ही डॉक्टर होणार नाही. पण कुठे, कधीपासून, कशाने वाढतं, हे नीट सांगू शकाल. निम्मं निदान तिथेच होतं.

लगेच निघा

गोळा आत जाईना, कडक झाला, लाल-काळा पडला. पोट फुगलं, वारा सरेना, शौच होईना, उलट्या. पोट लाकडासारखं ताठ. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच. पाळी चुकलेल्या बाईला अचानक खाली दुखून चक्कर. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. गोळा जोराने ढकलू नका, पोट चोळू नका, जुलाबाचं औषध देऊ नका, काही खायला घालू नका. १०८ ला फोन करा.

अंगठ्याआधी चार प्रश्न

एक, नेमकं काय काढणार किंवा शिवणार? दोन, सोनोग्राफीत काय आलं, कागद आमच्या हातात द्या. तीन, औषधाने होईल का, थांबलो तर काय होईल? चार, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कुठे बसतं? योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. घाई नसलेल्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, ग्रामीण रुग्णालयात दाखवा. कागद वाचून दाखवा म्हणा. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, अंगठाही नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. त्याला कुच्छिविकार झाला होता. कुच्छि म्हणजे आपली कूस, पोट. तो आपल्याच घाणीत पडून होता, कुणी जवळ जात नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. त्यांना त्याच्या पोटाची किळस आली नाही, लाजही वाटली नाही.

आपल्या पोटाची आपल्यालाही नको. घरात कुणी फडकं बांधून कामाला जात असेल, कुणी बाई ‘पिशवी काढायला सांगितलीय’ म्हणून कानात कुजबुजत असेल, तर तिला किंवा त्याला विहारात घेऊन या. कागद आम्ही वाचू, दवाखान्यात सोबत येऊ. खडू आमच्याकडे आहे, फरशी विहाराची आहे.

जय भीम.