कादंबरीतला गुन्हेगार खरा होता का? तपासायची सोपी रीत

गुन्हेगारी कादंबरी गाजली की वाद ठरलेलाच. यातला खलनायक म्हणजे अमुकच, असं एकजण छातीठोकपणे सांगतो. दुसरा तितक्याच ठामपणे वेगळं नाव घेतो. असा वाद आपल्यालाही तपासून पाहता येतो, आणि त्याला इतिहासाची पदवी लागत नाही.

नमुन्यादाखल फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ घेऊ. लंडनमध्ये १८३९ साली निघालेली ही कादंबरी म्हणजे अमीर अली नावाच्या ठगाचा कबुलीजबाब. ठग म्हणजे वाटसरूंशी गोड बोलून सोबत करणारे आणि संधी साधून रुमालानं गळा आवळून त्यांना लुटणारे टोळीवाले. तेव्हा आपलं भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं, आणि नागपूर, उमरावती (आजची अमरावती) ही गावं कादंबरीतल्या टोळीच्या वाटेवर येतात. म्हणून हा नमुना आपल्याला जवळचा.

१. आधी दावा नेमका करावा

‘सत्य घटनेवर आधारित’ या शब्दांत चार वेगवेगळे दावे दडलेले असतात: माणूस खरा, घटना खऱ्या, गुन्ह्याची पद्धत खरी, ठिकाणं खरी. ते कागदावर वेगळे लिहावेत. बहुतेक भांडणं इथेच होतात. एकजण माणसाबद्दल बोलत असतो, दुसरा पद्धतीबद्दल, आणि दोघांनाही वाटतं समोरचा खोटं बोलतोय.

२. लेखकाचं म्हणणं वाचावं

प्रस्तावना वगळून कादंबरीला हात घालायची सवय इथे नडते. टेलर प्रस्तावनेत सांगतात की मजकूर जवळजवळ सगळा खरा आहे, घटना जोडण्यापुरतीच कल्पना वापरली आहे. या अमीर अलीची ओळख आपल्याला १८३२ मध्ये झाली आणि त्याला मध्य भारतातल्या सागरहून निजामाच्या मुलखात पाठवलं होतं, असंही ते लिहितात. तो माफीचा साक्षीदार होता, म्हणजे साथीदारांची नावं सांगण्याच्या बदल्यात फाशी टळलेला आरोपी. ७१९ खुनांत आपला हात होता, असं त्यानं सांगितल्याचं टेलर नोंदवतात.

मात्र प्रस्तावनेला प्रतिज्ञापत्र समजू नये. पुस्तक खपायला हवं, ही इच्छा कुठल्याही लेखकाला असते. शिवाय टेलर स्वतः निजामाच्या नोकरीत होते. ठगांचा छडा लावायची संधी आपल्या हातून निसटली, ही खंत त्यांच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात दिसते.

३. तारखा ओळीनं मांडाव्यात

मद्रासकडच्या ठगांवर, म्हणजे ‘फाशीगारां’वर, डॉ. शेरवूड यांचा लेख आला १८१६ मध्ये. टेलर आणि तो साक्षीदार भेटले १८३२ मध्ये. ठगांच्या गुप्त बोलीवर आणि जबान्यांवर, त्यांच्या बंदोबस्ताचं काम पाहणारे इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांचं ‘रामसीआना’ कलकत्त्यात छापलं गेलं १८३६ मध्ये. कादंबरी आली १८३९ मध्ये.

एवढी यादी केली तरी पुष्कळ उलगडा होतो. कादंबरीतला एखादा तपशील स्लीमनच्या पुस्तकातही सापडला, तर टेलरनी तो साक्षीदाराच्या तोंडून ऐकला असेल किंवा तीन वर्षं आधी छापलेल्या पुस्तकातून घेतला असेल. दोन ठिकाणी सापडला म्हणून दोन पुरावे झाले, असा हिशेब करू नये.

४. नावांचा घोळ सोडवावा

स्लीमनचा सर्वांत गाजलेला माफीचा साक्षीदार म्हणजे फिरंगिया. काही लेखनात तो आणि अमीर अली एकच धरलेले आढळतात. अशा वेळी दोन रकाने आखावेत. फिरंगिया जन्मानं ब्राह्मण. १८३० च्या अखेरीस, घरच्यांना ताब्यात घेतल्यावर तो सापडला. कादंबरीतला अमीर अली मुसलमान. लहानपणी ठगांनी त्याचे आईवडील मारले आणि त्या टोळीतल्याच इस्माईलनं त्याला मुलासारखं वाढवलं. रकाने जुळत नाहीत.

म्हणून फिरंगियाचा कादंबरीशी संबंधच नाही, असंही म्हणता येत नाही. त्याच्या आणि इतरांच्या जबान्यांतले प्रसंग एका पात्राच्या नावावर जमा झाले असू शकतात. कादंबरीकाराला तेवढी मोकळीक असतेच.

५. साक्ष कशी घेतली ते पाहावं

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच गाळली जाते. साक्षीदाराचा जीव बोलण्यावर अवलंबून होता. विचारणारा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी, जबानी भाषांतर होऊन इंग्रजीत यायची. १८३६ च्या ३० व्या कायद्यानं तर ठगांच्या टोळीत असणं सिद्ध झालं तरी जन्मठेप देता येऊ लागली. अशा वातावरणात आलेला ७१९ हा आकडा सांगणाऱ्याचा आहे. प्रेतं मोजून काढलेला नाही.

पण सगळंच रचलेलं होतं, असंही नाही. फिरंगियानं सागरकडच्या एका आमराईत जागा दाखवली आणि खणल्यावर तिथं प्रेतं निघाली. जबानीला असा बाहेरचा आधार मिळतो, तेवढी ती पक्की धरावी. ठगांचं चित्र इंग्रजांनी फुगवलं, असं काही अभ्यासक मानतात. किम वॅग्नर यांनी २००७ च्या पुस्तकात मधली वाट धरली: ठग होते, पण तो धर्मपंथ नव्हता, लुटारूंचा धंदा होता.

६. गावच्या आख्यायिकेला तारीख विचारावी

‘ठग आमच्याच नदीकाठी उतरायचे’ असं वैनगंगेकाठी कुणी सांगितलं, तर ही गोष्ट पहिल्यांदा कधी लिहिली गेली ते शोधावं. १९०८ चं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर आणि नागपूरच्या पुराभिलेखागारातली, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहातली, दप्तरं यांपासून सुरुवात करता येईल. नोंद १८३९ नंतरची असेल तर जपून, कारण कादंबरी वाचूनही आख्यायिका तयार होतात.

७. निकाल आणि अन्वयार्थ वेगळे ठेवावेत

ही पायरी कळायला आपल्याच मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी पाहावं. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०१० मध्ये फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. अॅट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. आनंद तेलतुंबडे यांनी आपल्या पुस्तकात हे प्रकरण जातीय अत्याचार म्हणूनच मांडलं. न्यायालय कलम सिद्ध झालं का ते पाहतं. लेखक हे का घडलं ते विचारतो. एकाच्या आधारे दुसऱ्याला खोटं ठरवायची घाई करू नये. आणि जिथे माणसं आपल्यातलीच आहेत, तिथे पात्रांवर खरी नावं चिकटवण्याचा खेळ तर टाळावाच.

८. उत्तर हप्त्यांत द्यावं

आता पहिल्या कागदाकडे वळून चारही दाव्यांपुढे वेगळा शेरा लिहावा. अमीर अलीबाबत आमचा शेरा असा: ठिकाणं खरी. पद्धतीला इतर जबान्यांचा आधार. घटना काही ऐकलेल्या, काही वाचलेल्या असाव्यात. त्या वेगळ्या काढणं अवघड. माणसाबद्दल टेलर यांचा शब्द आहे, पण तो फिरंगिया होता असं म्हणायला आधार नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर अडून बसणाऱ्याला हे अपुरं वाटेल. त्याच्यापुढे हा कागद ठेवावा आणि कोणत्या ओळीवर आक्षेप आहे ते विचारावं.