शाळेच्या आवारातील सांडपाणी व पालापाचोळा

काटकसर ही आपल्या खेड्यांस नवी नाही. धुण्याभांड्यांचे पाणी केळीच्या आळ्यात सोडावयाचे, शेण व केरकचरा उकिरड्यात साठवून पावसाळ्यापूर्वी शेतात न्यावयाचा, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवावयाची, ही कामे घरोघरी होत असत आणि त्यांस कोणी निराळे नाव देत नसे. आता त्यांस ‘शाश्वत जीवनशैली’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव मोठे झाले की काम खर्चाचे असावे असा समज होतो, आणि शाळा अनुदानाची वाट पाहत बसते. यास्तव प्रस्तुत लेखात, ज्यांसाठी जवळजवळ काहीच विकत आणावे लागत नाही अशा दोनच गोष्टींचा विचार केला आहे: शाळेत रोज वाया जाणारे पाणी आणि रोज झाडून जाळला जाणारा पालापाचोळा.

पाण्याचा हिशेब प्रथम मुलांकडूनच करवून घ्यावा. दुपारी हात व ताटे धुण्याच्या जागी एक दिवस बादली ठेवावी आणि ती किती वेळा भरली हे चौथीच्या मुलांनी मोजावे. समजा, पटावर ६० मुले आहेत आणि प्रत्येकास दीड लिटर पाणी लागले, तर दिवसाचे ९० लिटर झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांचे किमान २०० दिवस भरतात. म्हणजे वर्षाचे १८,००० लिटर. हा गुणाकार पुस्तकातील उदाहरणासारखा विसरला जात नाही. कारण हीच मुले चैत्र-वैशाखात टँकरभोवती घागर घेऊन उभी राहिलेली असतात आणि एका घागरीचे मोल त्यांस आपणांपेक्षा अधिक ठाऊक असते.

हे पाणी जाते कोठे? बहुधा स्वयंपाकखोलीच्या मागे, भिंतीच्या पायाशी. तेथे चिखल होतो, भाताची शिते कुजतात आणि डास होतात. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्यूलेक्स डास अशाच साचलेल्या घाण पाण्यात अंडी घालतो. पूर्व विदर्भातील शिक्षकांस या रोगाविषयी अधिक सांगावयास नको. डेंग्यूचा एडिस डास मात्र स्वच्छ पाणी पसंत करतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडा पुरतो. म्हणून रांजण व टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून, घासून, कोरड्या करण्याचा परिपाठ सोडू नये. सांडपाण्याची व्यवस्था केली म्हणून ‘कोरडा दिवस’ चुकवून चालत नाही.

सांडपाणी सारे एकाच जातीचे नसते, हे ध्यानी घेतले की पुढचे काम सोपे होते. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेल्या पाण्यात साबण नसतो. ते स्वयंपाक करणाऱ्या भगिनींनी निराळ्या बादलीत ठेवावे व थेट पालेभाजीच्या वाफ्यास द्यावे. ताटे विसळल्याच्या पाण्यात अन्नकण व थोडे तेल असते. ते केळी, आळू, शेवगा यांस चालते. साबणाचे व तेलकट पाणी शोषखड्ड्यात सोडावे. जी भाजी कच्ची खाल्ली जाते, तिच्यावर ताटांचे वा साबणाचे पाणी कदापि घालू नये.

शोषखड्डा एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल पुरेसा होतो. तळाशी मोठे दगड, त्यांवर मध्यम, त्यांवर लहान दगड किंवा विटांचे तुकडे घालावेत. वर मधोमध बुडास भोके पाडलेले मडके बसवून त्यात नारळाचा काथ्या भरावा. शिते व तेल या काथ्यात अडकतात. काथ्या दर आठवड्यास काढून धुतला नाही, तर वर्ष दोन वर्षांत खड्डा तुंबतो, आणि मग खड्ड्यास दोष दिला जातो. खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर असावा.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. मी पाहिलेल्या एका शाळेत शिक्षकांनी मोठ्या उत्साहाने असा खड्डा केला. परंतु जमीन खोल काळी होती. काळी माती भिजली की फुगते व पाणी खाली जाऊ देत नाही. श्रावणात खड्डा भरून वाहू लागला आणि पूर्वीपेक्षा अधिक चिखल झाला. गावकरी हसले, ते निराळेच. मुरमाड जमिनीत जे साधते ते काळ्या रानात साधेलच असे नाही. अशा गावी खड्ड्याच्या नादी न लागता सारे पाणी उथळ चरातून केळीच्या व आळूच्या वाफ्यांत फिरवावे आणि चराची जागा दर पंधरवड्यास बदलावी. खड्डा खणण्यापूर्वी हातभर खोल लहान खळगा करून त्यात दोन बादल्या पाणी ओतावे. ते दुसऱ्या दिवशीही दिसले, तर जमिनीने उत्तर दिले असे समजावे.

आता पालापाचोळा. शाळा झाडून झाल्यावर ढिगास काडी लावण्याची चाल अद्याप सर्वत्र आहे. त्याचा धूर परिपाठास उभ्या असलेल्या मुलांच्या छातीत जातो आणि मातीचे अन्न राख होते. याच कचऱ्याचे खत करण्याची रीत पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतीस हवा जाण्यासाठी भोके, आत काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर, आणि तीन-चार महिन्यांत खत, असे तिचे स्वरूप आहे. शाळेस एवढे मोठे टाके लागत नाही. तुराट्या किंवा पऱ्हाट्या विणून तीन फूट लांबी-रुंदी-उंचीचे कूड उभे केले, तरी हवा खेळते आणि एक पैसाही लागत नाही. सुका पाला तीन भाग व भाजीची देठे, साले इत्यादी ओला कचरा एक भाग, असे प्रमाण ठेवावे. मूठभर काढून दाबावे: हात ओलसर व्हावा, पाणी टपकू नये. दुर्गंधी आली तर सुका पाला वाढवावा. ढीग कोरडा व थंड पडला तर पाणी शिंपडावे. ताटात उरलेले अन्न फार असेल तर ते ढिगात घालण्याऐवजी, ते का उरते याची चौकशी करावी हे बरे.

प्लास्टिकच्या पिशव्या व वेष्टने या ढिगात जाऊ देऊ नयेत. चूल पेटविण्यासाठी वेष्टने वापरण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. तिचा धूर विषारी असतो, एवढे मुलांच्या तोंडून घरी पोहोचले तरी पुष्कळ झाले.

हे काम कोणी करावयाचे, याविषयी मात्र दक्षता हवी. झाडू मुलींच्या हाती व कुदळ मुलांच्या हाती, असे विभाग आपोआप पडतात. काही गावी त्याहून वाईट विभागही पडतात. हजेरीपटाच्या क्रमाने पाळ्या लावाव्यात आणि त्यात गुरुजींचा व बाईंचाही क्रमांक असावा. केर काढणे ही शिक्षा म्हणून एकदा जरी दिली, तरी वर्षभराचे सांगणे वाया जाते. काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

छपरावरील पाण्याविषयी थोडक्यात: एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी होते. २० मीटर लांब व ६ मीटर रुंद छपरावर ५०० मिलीमीटर पावसाचे ६०,००० लिटर पडतात. टाकी नसेल तर निदान पन्हळीचे पाणी पायापासून दूर झाडांच्या चरात न्यावे.

राहता राहिली उन्हाळ्याची सुटी, आणि शाळेच्या बागा बहुधा तिथेच मरतात. मार्चनंतर नवी भाजी पेरू नये. वाफ्यांवर वीतभर पाल्याचे आच्छादन घालावे. प्रत्येक रोपाशेजारी बुडास बारीक भोक पाडून, त्यात सुती चिंधीची वात बसविलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे व तोंडावर कवल ठेवावे. पाणी हळूहळू मुळांशी झिरपते. मडकी केव्हा रिती होतात हे एप्रिलमध्येच पाहून, शाळेजवळ राहणाऱ्या चार-पाच मुलांच्या पाळ्या लावून द्याव्यात आणि ती यादी भिंतीवर न चिकटविता त्यांच्या आयांच्या हाती द्यावी.