डावा हात जागचा हलत नाही : बिल एव्हान्सच्या ‘पीस पीस’मध्ये नेमकं घडतं काय?

गाण्यांच्या कोणत्याही अ‍ॅपवर ‘शांत पियानो’ असं शोधलं, तर डझनावारी याद्या समोर येतात. झोप लागावी म्हणून, अभ्यासासाठी, पावसाळी संध्याकाळसाठी. त्यातल्या अनेक याद्यांमध्ये एक जुनं रेकॉर्डिंग हमखास सापडतं : बिल एव्हान्सचं ‘पीस पीस’. सुरुवात ऐकली की ते त्या यादीत का आहे हे कळतं. संथ लय, मोजके सूर, कुठेही घाई नाही.

मात्र झोपेसाठी लावलेलं हे वाजवणं अर्ध्यावर गेलं की काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागतं. उजव्या हातातले सूर एकमेकांवर घासू लागतात. मध्येच पाखरांचा चिवचिवाट व्हावा तसे तुटक, वेडेवाकडे स्वर येतात आणि ते खालच्या सुरांशी अजिबात जुळत नाहीत. एखाद्याला वाटेल, पियानोवाला चुकला. तो चुकलेला नाही. पहिल्या मिनिटातली शांतता कितपत टिकते, हे तो तपासून पाहतो आहे.

गाण्याच्या दारातच अडकलेला माणूस

बिल एव्हान्सचा जन्म १६ ऑगस्ट १९२९ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या प्लेनफिल्डचा. लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात संगीताचं शिक्षण, पुढे लुईझियानातल्या कॉलेजात संगीताची पदवी, मग तीन वर्षं लष्करात. १९५६ मध्ये रिव्हरसाइड या लहानशा कंपनीसाठी त्याने पहिला अल्बम रेकॉर्ड केला. १९५८ च्या वसंतात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. तेव्हा जॅझमध्ये त्याहून मोठी जागा क्वचितच असेल. पण सगळे कृष्णवर्णीय वादक असलेल्या त्या बँडमध्ये हा एकटा गोरा. श्रोत्यांमधल्या काहींना ते खटकत होतं आणि ते त्याच्यापर्यंत पोचतही होतं. सततचे दौरे, त्यात हेरॉइनचं लागलेलं व्यसन. जेमतेम सात-आठ महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, तो बँडमधून बाहेर पडला.

पुढच्याच महिन्यात त्याने आपल्या दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग केलं. अल्बमचं नाव ‘एव्हरीबडी डिग्ज बिल एव्हान्स’. मुखपृष्ठावर माइल्स डेव्हिससह चार नामवंत वादकांची प्रशस्तिपत्रं सहीनिशी छापली होती. ते पाहून, आईचंही मत घ्यायचं होतं की, असा चिमटा एव्हान्सने निर्मात्याला काढला म्हणतात.

या रेकॉर्डिंगमध्ये त्याला लिओनार्ड बर्नस्टाइनचं ‘सम अदर टाइम’ हे गाणं वाजवायचं होतं. १९४४ च्या ‘ऑन द टाउन’ या संगीत नाटकातलं हे निरोपाचं गाणं. गाण्याआधी प्रस्तावना म्हणून एव्हान्सने डाव्या हाताने दोन कॉर्ड झुलवायला सुरुवात केली, आणि ती झुलणी त्याला इतकी आवडली की तो गाण्यापर्यंत पोचलाच नाही. प्रस्तावनाच साडेसहा मिनिटांची झाली. ना बास, ना ड्रम्स, ना आधी लिहिलेली चाल. तेच ‘पीस पीस’.

सा आणि प

पाश्चात्त्य संगीताची भाषा बाजूला ठेवूनही या रचनेची घडण समजते. पियानोवरच्या सी या सुराला षड्ज माना. एव्हान्सचा डावा हात आधी खालचा सा वाजवतो आणि त्यावर ग, प, नि असलेली कॉर्ड ठेवतो. मग खाली पंचमावर येतो, आणि त्यावर रे, म, ध यांची कॉर्ड. पुन्हा सा. पुन्हा प. शेवटपर्यंत डावा हात दुसरं काहीही करत नाही.

सा आणि प म्हटल्यावर मराठी वाचकाच्या कानात तानपुरा वाजणारच, आणि तुलना फारशी ओढूनताणून केलेलीही नाही. तानपुऱ्यासारखंच इथेही खाली एक न हलणारी जमीन आहे आणि वर एकट्याचा प्रवास. फरक असा की तानपुरा कुठेच जात नाही, आणि एव्हान्सच्या दोन कॉर्ड श्वासासारख्या आत-बाहेर होतात.

आता त्यातली खरी मेख. पाश्चात्त्य संगीतात पंचमावरची कॉर्ड ही घरी परतण्याची निशाणी असते. तिच्यात शुद्ध निषाद असतो, आणि निषादाला षड्जाची किती ओढ असते हे गाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्या ओढीवरच शेकडो वर्षांचं युरोपीय संगीत चाललं : ताण, आणि मग सुटका. एव्हान्स पंचमावरच्या कॉर्डमधून नेमका तो निषादच काढून घेतो. ओढच नाही, म्हणून सुटकाही नाही. सा वर आल्यावर ‘पोचलो’ असं वाटत नाही आणि प वर गेल्यावर ‘निघालो’ असंही नाही. ज्याला लोक वातावरण, मूड वगैरे म्हणतात, ते इथे एका गाळलेल्या सुरातून उभं राहिलं आहे.

या जमिनीवर उजवा हात सुरुवातीला अगदी साध्या चालीने फिरतो, लहान मुलाला उचलता येईल अशा. हळूहळू तो वरच्या सप्तकात सरकतो. तिथे सप्तकाबाहेरचे सूर शिरतात, मग त्यांचीच गर्दी होते. एका क्षणी दोन हात दोन वेगळ्या गावांचे वाटतात. डाव्याला त्याची दखलही नसते. शेवटी उजवा हात पुन्हा खाली उतरतो आणि डाव्याच्या शेजारी येऊन बसतो. जाणकार या रचनेचं नातं शोपँच्या ‘बर्सझ’ या अंगाईशी जोडतात. तिथेही डावा हात जवळपास एकच पाळणा हलवत राहतो.

धुकं येतं कुठून?

एव्हान्सचा पियानो ऐकून कडा पुसल्यासारखं वाटतं. त्याला कारणं आहेत, आणि ती बरीच सुतारकामासारखी आहेत.

पहिलं कारण कॉर्डच्या बांधणीत. बास वाजवणारा सोबत असेल तर कॉर्डचा मूळ सूर एव्हान्स डाव्या हातातून सोडून द्यायचा आणि उरलेले सूर एकमेकांना खेटून मधल्या पट्टीत ठेवायचा. षड्ज तानपुऱ्यावर सोपवून गायकाने गंधार-निषादात रमावं, तसं काहीसं. पाया ऐकू येतो, पण तो पियानोतून येत नाही. त्यामुळे पियानो तरंगतो. जॅझच्या विद्यार्थ्यांना आज ही बांधणी पहिल्या काही वर्षांतच शिकवतात, आणि ती रूढ करणाऱ्यांत एव्हान्सचं नाव अग्रभागी आहे.

दुसरं कारण हाताच्या वजनात. एकाच वेळी दाबलेल्या चार-पाच पट्ट्यांपैकी हव्या त्या एकीवर किंचित जास्त भार देऊन तो तेवढा सूर वर उचलायचा. दब्यूसी आणि राव्हेल यांच्या संगीतावर पोसलेल्या पियानोवादकाची ही सवय. जॅझमध्ये तोवर पियानोकडून ठोक्याचं काम जास्त घेतलं जाई. वाजवताना एव्हान्सची मान इतकी खाली जायची की कपाळ पट्ट्यांना टेकेल असं वाटावं. फोटोंमध्ये हे प्रार्थनेसारखं दिसतं.

थाट बदला, चाल आपोआप सुचेल

बँड सोडला तरी माइल्स डेव्हिसने त्याला सोडलं नव्हतं. १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत दोन दिवस रेकॉर्डिंग झालं. पाचपैकी चार रचनांमध्ये पियानोवर एव्हान्स होता. तो अल्बम म्हणजे ‘काइंड ऑफ ब्लू’. एकट्या अमेरिकेतच त्याच्या ५० लाख प्रती खपल्याचं प्रमाणपत्र आहे.

तोपर्यंतचं जॅझ म्हणजे कॉर्डची धावती आगगाडी. दर दोन-चार मात्रांना कॉर्ड बदलणार, वादकाने पळत पळत त्यातून चाल काढायची. माइल्सला गाडी थांबवायची होती. कॉर्डच्या रांगेऐवजी वादकाला एक स्वरसप्तक द्यायचं आणि त्यात निवांत फिरू द्यायचं. ‘सो व्हॉट’ या रचनेतलं सप्तक कोमल गंधार आणि कोमल निषादाचं आहे, म्हणजे सरळसरळ आपला काफी थाट. सोळा मात्रागट त्यात, मग आठ अर्धा सूर वर चढवून त्याच थाटात, मग पुन्हा खाली. अर्थात थाट म्हणजे राग नव्हे. वादी-संवादी, चलन, वर्ज्य स्वर यांपैकी काही इथे नाही, आणि पियानोच्या पट्ट्यांवर मींड तर अशक्यच. साम्य आहे ते थांबण्यात. एकाच सप्तकात राहून किती सांगता येतं, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

याच अल्बमच्या ‘फ्लॅमेंको स्केचेस’ची सुरुवात नीट ऐकली, तर ‘पीस पीस’चाच झुला ऐकू येतो.

‘ब्लू इन ग्रीन’ कोणाचं?

इथे एक जुना हिशेब अडकून पडला आहे. अल्बमवरच्या पाचही रचना माइल्स डेव्हिसच्या नावावर निघाल्या. त्यातली ‘ब्लू इन ग्रीन’ ही दहा मात्रागटांची, आदि-अंत सापडू न देणारी वर्तुळाकार रचना आपली असल्याचं एव्हान्स सांगत असे. त्याच्या हकिकतीनुसार माइल्सने कागदावर दोन कॉर्ड लिहून दिल्या आणि यांचं तू काय करशील, असं विचारलं. बाकीची रचना एव्हान्सने घरी जाऊन केली. पुढे त्याने मानधनातल्या वाट्याचा विषय काढला, तेव्हा माइल्सने २५ डॉलरचा चेक लिहून दिला, असंही तो सांगे. माइल्सने १९८९ च्या आत्मचरित्रात हे साफ नाकारलं, अल्बममधलं सगळं संगीत आपलंच असल्याचं ठासून सांगितलं. मात्र एव्हान्सच्या पियानोभोवतीच अल्बमची आखणी केली होती, हेही त्याच पुस्तकात आहे.

१९५९ च्या अखेरीस एव्हान्सने स्वतःच्या अल्बमसाठी तीच रचना वाजवली, तेव्हा श्रेय दोघांच्या नावाने छापलं गेलं. ‘काइंड ऑफ ब्लू’वर तेव्हा एकच नाव छापलं होतं. कान मात्र एव्हान्सच्या बाजूने झुकतात. ती कॉर्डची घडण, ते अधांतरी राहणं त्याच्या इतर कामात जागोजागी सापडतं, माइल्सच्या कामात फारसं नाही. कायद्याच्या दृष्टीने कान हा पुरावा नाही, एवढंच.

तिघांचं बोलणं

१९५९ च्या अखेरीस एव्हान्सला बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन मिळाले. पियानो पुढे आणि बाकीचे दोघे मागे ठेका धरून, ही रीत या तिघांनी मोडली. लाफारोचा बास पियानोला उत्तरं द्यायचा, मध्येच तोडायचा. मूळ सूर सोडून देण्याची एव्हान्सची सवय इथे फळाला आली, कारण त्या मोकळ्या जागेत आता दुसरा माणूस बोलत होता.

२५ जून १९६१ च्या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात दुपारपासून रात्रीपर्यंत त्यांच्या पाच बैठका रेकॉर्ड झाल्या. ६ जुलैला लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. एव्हान्सने कित्येक महिने जाहीर वाजवणं बंद ठेवलं.

त्यानंतरची कहाणी लांबची आहे आणि बरीचशी व्यसनाची. १९६३ च्या सुरुवातीला सुई चुकीच्या नसेवर लागून उजवा हात लुळा पडला, तर गड्याने आठवडाभराचे कार्यक्रम एका डाव्या हाताने निभावले. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. ती कौतुकाची आहे का, हे ऐकणाऱ्याने ठरवावं. पुरस्कार मिळत गेले, माणसं गळत गेली. १९७९ मध्ये मोठ्या भावाने आत्महत्या केली. १५ सप्टेंबर १९८० ला, ५१ व्या वर्षी, एव्हान्सही गेला.

त्याच्यानंतरच्या पियानोवर त्याची सावली लांबवर पडली आहे. १९७५ च्या जानेवारीत कीथ जॅरेटने जर्मनीतल्या कोलोन शहरात तासाभराची एकल मैफल आयत्या वेळी सुचेल तशी वाजवली. डावा हात एका-दोन कॉर्डवर घोळवत ठेवायचा आणि उजव्याला मोकळं सोडायचं, ही वाट तिथेही दिसते. आज चित्रपटांच्या पार्श्वभूमीला वाजणाऱ्या मंद पियानोतही ती आहे. फक्त तिथे बहुतेक वेळा पहिला भागच उचलला जातो. घासणारे सूर वगळले जातात, कारण त्यांनी झोपमोड होते.

‘पीस पीस’ मैफलीत वाजवायची फर्माईश एव्हान्स सहसा टाळायचा. ज्या गाण्याच्या दारात ते जन्मलं, ते ‘सम अदर टाइम’ मात्र त्याने पुढे अनेकदा वाजवलं. व्हिलेज व्हॅनगार्डच्या त्या रविवारीही ते झालं, आणि सुरुवातीला तोच दोन कॉर्डचा झुला आहे. त्या दिवसाची रेकॉर्डिंगं हेडफोन लावून ऐकली तर सुरांच्या मागे काचेचे ग्लास किणकिणताना ऐकू येतात. टेबलांवर गप्पा चालू आहेत, कुणीतरी हसतंही आहे.