हात थरथरतो तेव्हा मेंदूत काय चालते?

घरातले बुजुर्ग शांत बसलेले असतात. हात मांडीवर विसावलेला, पण अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात, जणू हातात नसलेली तसबीहच फिरते आहे. डॉक्टर याला 'गोळी वळणे' म्हणतात. आम्हाला तसबीहची उपमा अधिक जवळची वाटते. पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला की थरथर बरीच कमी होते. झोपेत थांबते. पाहुणे आले, कुणी टक लावून पाहिले, की वाढते. मग घरचेच म्हणतात, "अब्बा, घाबरता कशाला?"

अब्बा घाबरलेले नसतात. हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून त्याचे वर्णन लिहिले. युनानी हकीम थरथरीला 'रअशा' म्हणत आले आहेत.

मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे रसायन बनवतात. या आजारात त्या हळूहळू मरतात. डोपामिन कमी पडले की हालचाल सांभाळणाऱ्या इतर पेशींची शिस्त बिघडते. निरोगी मेंदूत शेजारशेजारच्या पेशी आपापल्या लयीत विजेचे संदेश सोडतात. इथे त्यांतल्या पुष्कळ पेशी एकाच ठेक्यात, झुंडीने संदेश सोडू लागतात. हाताची थरथर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होते. शस्त्रक्रियेच्या वेळी केसासारखी बारीक तार मेंदूत सोडून पेशींचे आवाज ऐकतात, तेव्हा काही पेशींचा ठेका हाताच्या ठेक्याशी जुळलेला आढळतो. रुग्ण त्या वेळी बहुधा जागा असतो!

पण हिशेब एवढा सरळ नाही. डोपामिन जितके कमी, तितकी हालचाल मंद, हे बऱ्यापैकी जुळते. थरथरीचे तसे जुळत नाही. काही रुग्णांचा हात कधीच थरथरत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मांडले की डोपामिनच्या भागात थरथरीचे बटण दाबले जाते आणि तिचा जोर लहान मेंदूच्या वाटेवर ठरतो, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. औषधाने चालणे सुधारते पण हात मात्र थरथरतच राहतो, असे काही घरांत दिसते, त्याचे एक कारण इथे असावे.

फ्रान्समधील ग्रनोबल येथे डॉ. बेनाबिद यांना १९८७ मध्ये दिसले की मेंदूतल्या ठराविक जागी सेकंदाला शंभराच्या वर विजेचे ठोके दिले की थरथर थांबते. आज हे यंत्र छातीच्या कातडीखाली बसवतात. ते बिघडलेला ठेका मोडते. मेलेल्या पेशी परत आणत नाही. आणि ते प्रत्येकाला चालत नाही.

मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांना १९८४ मध्ये हे निदान झाले. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये ज्योत पेटवताना त्यांचा थरथरता हात साऱ्या जगाने पाहिला. त्यांनी तो लपवला नाही. आपल्याकडे मात्र लग्नाच्या दावतीला दादींना मागच्या खोलीत बसवतात, हे आम्हाला खटकते.

रमजानचा प्रश्न वेगळाच. लेव्होडोपाच्या गोळ्या दिवसातून अनेकदा, वेळेवर घ्याव्या लागतात. त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे आहे. आजारी माणसाला रोजा न ठेवण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. तरीही बुजुर्ग हट्ट धरत असतील तर रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटून वेळापत्रक विचारावे. मटण-अंड्यांच्या जेवणाबरोबर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही, त्यामुळे जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचे, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.